पावसाच्या रात्री घरात रहस्य-श्रुतिका कशी रंगवावी

श्रुतिका म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक, म्हणून सगळ्यात आधी फ्रीज बंद करा. अर्ध्या तासात आतलं काही बिघडत नाही. मग पंखा, इन्व्हर्टर, भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ. सगळं शांत झालं की दोन मिनिटं नुसते बसा आणि आपलं घर रात्री कसं वाजतं ते ऐका. आमचं घर गोव्यात सावईवेऱ्यात, कुळागरात म्हणजे पोफळीच्या बागेत. रात्री पोफळीची सुकलेली विरी, म्हणजे झावळीचा बुंध्याकडचा रुंद भाग, खाली पडली की धप्प असा आवाज होतो. वाटतं, परसात कुणीतरी उडी टाकली. असले आवाज तुमच्या घरालाही असतील, ते आधी ओळखून ठेवा. नाटकाला ते फुकट मिळतात.

माझ्या लहानपणी, १९७०नंतरच्या त्या वर्षांत, आमच्याकडे बाबांचा तीन बँडचा ट्रान्झिस्टर होता. सेल संपत आले की आई ते दिवसभर तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर उन्हात ठेवायची. तेवढ्यावर रात्रीचं नाटक निभायचं. जेवणं आटोपली की कंदिलाची वात खाली आणि आम्ही चौघं भावंडं चटईवर. मध्यम लहरी दिवसा लांबून येत नाहीत, कारण वातावरणातला एक खालचा थर त्यांना शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून अंधार पडल्यावर मुंबई ‘ब’ केंद्र आमच्या ओसरीवर लागायचं. आवाज मध्येच खोल जायचा, परत यायचा. नेमका खुनी बोलायला लागला की तो बुडायचा, आणि आम्ही श्वास धरून बसायचो.

बाबा रेडिओ फार हळू लावत. ती सवय पोर्तुगीज अमलातली. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो गोव्याच्या सीमेजवळच्या रानातून मुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते, आणि बाबा ते दारं लावून, कान पेटीला टेकवून ऐकत. पुढे गोवा मुक्त झाला, पोर्तुगीजांच्या ‘एमिसोरा द गोवा’ या रेडिओ केंद्राचं आकाशवाणी पणजी झालं, तरी त्यांचा हात बटणावर तसाच राहिला. आम्हाला भीती वाटायची ती निम्मी या हळू आवाजामुळे. हळू ऐकायचं तर पुढे झुकावं लागतं, आणि पुढे झुकलेला माणूस लवकर दचकतो. म्हणून तुम्हीही आवाज ठेवायचा तो एवढाच, की मागच्या माणसाला कान द्यावा लागेल.

गोष्ट पंधरा मिनिटांची घ्या. विविध भारतीचं ‘हवामहल’ साधारण एवढ्यातच आटपायचं आणि झोपताना डोक्यात राहायचं. पात्रं तीन, फार तर चार, आणि आवाज एकमेकांपासून अगदी वेगळे. दोन बायकांचे आवाज सारखे असतील तर एकीला सर्दी झालेली दाखवा. सुरुवातीलाच सगळ्यांनी एकमेकांना नावानं हाक मारायची.

आता मुख्य गोष्ट, लिहिण्याची. ऐकणाऱ्याला दिसत काहीच नाही, म्हणून नवखा लेखक निवेदकाकडून सगळं वदवून घेतो: जुना वाडा, लाकडी जिना, काळोख. तसं करू नका. सुरुवातीलाच पाहुण्याच्या तोंडी एक वाक्य घाला: ‘‘अहो, ही तिसरी पायरी अजून करकरतेच वाटतं?’’ यजमान म्हणतो, ‘‘सुताराला सांगितलंय.’’ बस्स. विषय बदला, चहा होऊ दे, गप्पा होऊ देत. शेवटी घरात एकटी बाई उरली आहे. दोन पावलं ऐकू येतात. मग पायरी करकरते. इथं कुणी ‘कोण आहे?’ असंही म्हणायचं नाही.

करकर काढायला खिळे सैल झालेला जेवणाचा पाट घ्या, जमिनीवर ठेवून गुडघ्यानं हळूहळू दाबा. सुपात नाचणी फिरवली की कौलांवरचा पाऊस होतो. तांदळाचा आवाज त्या मानानं जाड येतो. घोड्याच्या टापांना करवंट्या. पण सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे तीच विरी. लहानपणी हिच्यावर एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं ओढायचं, हा आमचा खेळ. सुकी विरी, वर तांदळाची पाच किलोची पिशवी, आणि शेणानं सारवलेली किंवा सिमेंटची जमीन. फरशीवर ती घसरते, आवाज येत नाही. थांबत थांबत ओढा, कुणी जड काहीतरी फरफटत नेतंय असं वाटेल. ओढणारा दमलाय हे ऐकू आलं पाहिजे. एका नाटकात असे तीन आवाज पुरे. पहिल्यांदा आम्ही वारा, घुबड, कुत्रं, गडगडाट सगळं घातलं होतं, आणि पोरं नाटक सोडून आवाजच ओळखत बसली.

कलाकारांनी शेजारच्या खोलीत बसायचं, दार वीतभर उघडं. मोबाईलवर आधी ध्वनिमुद्रण करूनही ऐकवता येतं, पण भिंतीपलीकडे जिवंत माणूस श्वास घेतोय, याची सर त्याला येत नाही. संहितेच्या कागदांची टाचणी काढून पानं सुटी करा. पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. हे मी पणजीला आल्तिनोवरच्या आकाशवाणीच्या स्टुडिओत नैमित्तिक कलाकार म्हणून जायचे तेव्हा शिकले. लांब जाणारं पात्र आवाज बारीक करत नाही, बोलता बोलता तोंड भिंतीकडे वळवतं. आणि निर्माता हाताचा पंजा वर धरायचा, तो खाली येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. घरीही एकानं पंजा धरावा. मनात सावकाश सहा आकडे मोजा. चारलाच घाई सुटेल, तिथं सोडू नका.

गेल्या आषाढात असंच केलं. पायरी करकरली, भाच्यानं पंजा वर धरला. चार झाले, पाच झाले, आणि बाहेर कुळागरात खरीच विरी पडली. माझ्या नातीनं अंधारात माझं मनगट असं पकडलं, की बांगडी रुतली. नाटक संपलं, दिवे लागले, सगळ्यांनी पेज खाल्ली. झोपायला जाताना ती दाराशी थांबली आणि म्हणाली, ‘‘आजी, ती तिसरी पायरी कुठली गं? मी तिच्यावर पाय नाही देणार.’’

आमचं घर बैठं आहे. जिना नाहीच.