हंगामाच्या सुरुवातीचा मोठा विजय कसा पारखावा: अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांसाठी

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा नियमित हंगाम अवघ्या 12 सामन्यांचा असतो आणि विद्यापीठांच्या संघांना व्यावसायिक संघांप्रमाणे हंगामापूर्वीचे सामने मिळत नाहीत. दरवर्षी काही खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडतात आणि कित्येक जण दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरतात. त्यामुळे सप्टेंबरच्या आरंभी आपला संघ एखाद्या नामांकित प्रतिस्पर्ध्याला हरवतो, तेव्हा त्या संघाविषयी आपल्याला फारच थोडे ठाऊक असते. शितावरून भाताची परीक्षा करावी लागते ती अशी. शीत कोणते उचलायचे हे कळले, तर ही परीक्षा बरीच खरी ठरते.

मी टेक्सास विद्यापीठाच्या लाँगहॉर्न्स संघाचा चाहता असल्यामुळे याच संघाचे दोन विजय समोर ठेवतो. पहिला 4 सप्टेंबर 2016 चा: ऑस्टिनमध्ये दहाव्या मानांकनाच्या नोत्र दामवर दोन जादा डावांनंतर 50-47 असा विजय. दुसरा 9 सप्टेंबर 2023 चा: अलाबामाच्या घरच्या मैदानावर, टस्कलूसा येथे जाऊन तिसऱ्या मानांकनाच्या अलाबामावर 34-24 अशी मात. दोन्ही रात्री चाहत्यांचा आनंद सारखाच होता. मात्र 2016 चा संघ पुढे 5 विजय आणि 7 पराभवांवर थांबला, तर 2023 च्या संघाने आपल्या परिषदेचे (विद्यापीठांच्या गटाचे) विजेतेपद मिळवून प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी, गाठला.

पहिले काम म्हणजे अंतिम धावफलक बाजूला ठेवून गुण कसे झाले याचा हिशोब मांडणे. प्रत्येक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) आणि प्रत्येक फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारणे) कागदावर लिहा आणि त्यापुढे चेंडू कोठून मिळाला होता ते नोंदवा. हातातून सुटून जमिनीवर पडलेला चेंडू कोणत्या संघाच्या हाती लागतो, यात दैवाचा भाग मोठा असतो. अशा चेंडूवर मिळालेले गुण पुढच्या आठवड्यात पुन्हा मिळतीलच असे धरता येत नाही. प्रतिस्पर्ध्याचा पास झेलून मिळवलेल्या चेंडूत कौशल्य असते, पण तोही दर सामन्यात मिळेल असे नाही. असे गुण वजा केल्यावरही विजय उभा राहतो का, ते पाहा. अलाबामाविरुद्ध चौथ्या सत्रात टेक्सासने त्यांच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, जेलन मिलरोचा पास झेलून चेंडू थेट गोलरेषेजवळ नेला आणि लगेच टचडाउन केला. ते 7 गुण काढून टाकले तरी 27-24 अशी आघाडी उरते.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याला वेळही सर्वांत जास्त द्यावा लागतो. सामन्याचे चित्रण दुसऱ्यांदा पाहावे आणि या वेळी नजर चेंडूवर न ठेवता, चेंडू सुरू होतो त्या रेषेवर समोरासमोर उभ्या असलेल्या भारदस्त खेळाडूंवर ठेवावी. पहिल्यांदा पाहताना आपण सगळेच चेंडूमागे धावतो आणि लांब पास, झेप घेऊन केलेला झेल एवढेच लक्षात राहते. पण क्वार्टरबॅकला पास टाकायला तीन सेकंद मिळतात की दीड, हे ही रेषाच ठरवते. प्रत्येक चालीनंतर एकच प्रश्न विचारा: कोणती फळी मागे ढकलली गेली? अलाबामाविरुद्ध टेक्सासच्या बचाव फळीने मिलरोला पाच वेळा पास टाकण्याआधीच खाली पाडले. टी'व्हॉन्ड्रे स्वेट आणि बायरन मर्फी या मधल्या दोघांनी समोरच्यांना पुढे सरकू दिले नाही. दुसऱ्या बाजूला टेक्सासचा क्वार्टरबॅक क्विन युअर्सला पुरेसा वेळ मिळाला आणि त्याने 349 यार्ड व 3 टचडाउन अशी कामगिरी केली. रेषेवरचे वर्चस्व हे शरीरबळ, वजन आणि सरावातून आलेले असते. त्यामुळे ते पुढच्या सामन्यातही टिकण्याची शक्यता मोठी असते. स्वेटने त्याच वर्षी रेषेच्या मध्यभागी खेळणाऱ्या देशातील सर्वोत्तम खेळाडूला दिली जाणारी आउटलँड ट्रॉफी जिंकली, हे लक्षात घेतले की सप्टेंबरमधले ते शीत योग्य होते हे पटते.

आकड्यांची आवड असेल तर यशस्वी चालींची मोजणी करावी. या खेळात चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचे असते. पहिल्या प्रयत्नात आवश्यक अंतराच्या निम्मे, दुसऱ्यात उरलेल्याच्या 70 टक्के आणि त्यानंतर पूर्ण अंतर कापले, तर चाल यशस्वी मानतात. सामना एकतर्फी झाल्यानंतरच्या चाली मोजू नयेत, कारण तेव्हा दोन्ही संघ राखीव खेळाडूंना उतरवतात.

आपण किती गुण दिले याकडे विजयाच्या भरात डोळेझाक होते, आणि 2016 मध्ये आम्हा चाहत्यांची चूक झाली ती इथेच. टेक्सासने तिसऱ्या सत्रात 31-14 अशी आघाडी घेतली होती आणि तीही पुरली नाही. आमच्या टचडाउननंतरची जादा गुणासाठीची किक अडवून आणि चेंडू दुसऱ्या टोकाला नेऊन नोत्र दामने थेट दोन गुण मिळवले आणि 37-37 अशी बरोबरी साधली, तेव्हा आम्ही त्याला केवळ दुर्दैव म्हटले. प्रत्यक्षात मुख्य दोष बचावात होता. त्या रात्री निवेदकाने टेक्सास पूर्वीच्या वैभवाला परतल्याची घोषणा केली आणि आम्ही ती मनापासून स्वीकारली, संघ क्रमवारीत अकराव्या स्थानीही पोहोचला. पुढे कॅलिफोर्नियाने 50, ओक्लाहोमा स्टेटने 49 आणि ओक्लाहोमाने 45 गुण केले. नोत्र दामच्या 47 गुणांनी ही गोष्ट पहिल्याच रात्री सांगितली होती.

सामना अटीतटीचा असताना संघाने काय केले, तेही वेगळे लिहून ठेवावे. टस्कलूसाला तिसरे सत्र संपले तेव्हा अलाबामा 16-13 असा पुढे होता, मैदान दणाणत होते, आणि टेक्सासने अखेरच्या सत्रात 21 गुण केले. त्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे शेवटची सात मिनिटे चेंडू आपल्याकडेच ठेवून घड्याळ संपवले. भारतात तेव्हा रविवारची सकाळ होती, आणि पहाटे साडेचारला उठून सामना पाहणाऱ्यांना तो शेवटचा संथ प्रवास लांब पासांपेक्षा अधिक समाधान देऊन गेला असेल. थकलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर धावत चेंडू पुढे नेता येणे हे दमदार राखीव खेळाडू असलेल्या संघाचे लक्षण आहे.

प्रतिस्पर्ध्याचे मानांकन मात्र कच्च्या पेन्सिलीने लिहावे. हंगामाच्या आरंभीची क्रमवारी बरीचशी गेल्या वर्षीच्या कीर्तीवर आणि अपेक्षांवर उभी असते. 2016 चा नोत्र दाम संघ अखेरीस 4 विजय आणि 8 पराभवांवर घसरला, तेव्हा आमच्या विजयाचीही किंमत उतरली. याउलट अलाबामाने टेक्सासकडून हरल्यानंतर एकही साखळी सामना गमावला नाही आणि परिषदेच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला 27-24 असे हरवले. दर महिन्याला आपली नोंद उघडून प्रतिस्पर्ध्याचे पुढचे निकाल तिच्यात भरावेत.

लगेच पुढच्या आठवड्याचा सामनाही दुर्लक्षू नये. अलाबामानंतर टेक्सासला घरच्या मैदानावर वायोमिंगने तीन सत्रे 10-10 असे रोखून धरले, आणि 31-10 हा अंतिम फलक त्या अडचणीला झाकतो. मोठ्या विजयानंतरची ही सुस्ती नेहमीची असली, तरी ती नोंदवावी. 7 ऑक्टोबरला ओक्लाहोमाने 34-30 असा पराभव केला तेव्हा तीन वेळा चेंडू गमावणारा संघही हाच होता.

3 डिसेंबर 2023 रोजी निवड समितीने प्लेऑफचे चार संघ जाहीर केले. टेक्सास आणि अलाबामा या दोघांच्याही खात्यावर 12 विजय व 1 पराभव होता, आणि 13 सामने जिंकलेला अपराजित फ्लोरिडा स्टेट बाहेर राहिला. दोघांचे खाते सारखे असताना, सप्टेंबरमध्ये अलाबामाला हरवलेल्या टेक्सासला तिसरे स्थान मिळाले आणि अलाबामाला चौथे.