पाण्याच्या बाटलीत आणलेलं सॅम्पल

माझे मामा इचलकरंजीहून सकाळच्या एसटीने आमच्या लॅबमध्ये आले, तेव्हा पिशवीत वर मेथीची जुडी होती आणि खाली पाण्याच्या रिकाम्या बाटलीत लघवी. "बघ गं, ती डीएनएची तपासणी यातच करून टाक. दुर्बीण काय मी घालून घेणार नाही."

मामा म्हणत होते ती तपासणी म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरच्या खुणा लघवीतल्या डीएनएत शोधणं, आणि दुर्बीण म्हणजे लघवीच्या वाटेने मूत्राशयात घालून आतून बघायची नळी. कोल्हापुरात बावीस वर्षं मी लघवीची सॅम्पलं घेते, स्लाइड बनवते. तरी मामांची बाटली मला मोरीत ओतावी लागली. ती का ओतली हे इथे लिहून ठेवते, कारण हल्ली आठवड्यातून एकजण तरी अशी बाटली घेऊन येतोच.

त्याच्या दोन महिने आधी मामांना एकदा लालभडक लघवी झाली होती. दुखलं नाही, जळजळ नाही. मामी म्हणाल्या उन्हाळी लागली, धण्याचं पाणी प्या. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. फसगत होते ती इथेच. मूत्राशयातल्या गाठीचं रक्त येतं आणि आपोआप थांबतं, आणि माणूस धण्याच्या पाण्याला श्रेय देतो. त्यात मामांनी तीस वर्षं विड्या ओढलेल्या आणि उमेदीची वर्षं कापडाच्या डाइंगमध्ये काढलेली. या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर, आणि रंगांच्या रसायनांचा संबंध तर १८९५ सालीच लुडविग रेन या जर्मन सर्जनने रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांत दाखवला होता.

म्हणून पहिली गोष्ट. डोळ्यांना दिसेल असं रक्त लघवीत एकदा जरी आलं, तरी आधी युरॉलॉजिस्ट, सोनोग्राफी किंवा सीटी, आणि दुर्बीण. लघवीची कुठलीही तपासणी या दुर्बिणीऐवजी नसते. ती सोबत असते. डीएनएचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून दुर्बीण टाळणं म्हणजे घरात धूर दिसत असताना शेजाऱ्याला विचारून झोपणं.

मग ही तपासणी कुणासाठी? मुख्यतः ज्यांची गाठ एकदा खरवडून काढली आहे त्यांच्यासाठी. स्नायूत न शिरलेली गाठ पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात पहिली दुर्बीण आणि मग वर्षानुवर्षं ठरलेल्या तारखा. त्या तारखांच्या मध्ये, किंवा पेशींच्या तपासणीचा रिपोर्ट 'संशयास्पद' असा अधांतरी आला असेल तर, डीएनएची तपासणी डॉक्टरांच्या खरंच कामी येते. काही त्रास नसताना 'एकदा करून बघू' म्हणून मात्र पैसे घालू नका. इराणच्या गोलेस्तान भागात जपून ठेवलेली लघवी तपासली, तेव्हा पुढे हा कॅन्सर झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत टर्ट नावाच्या जनुकातला बदल आधीच सापडला, काहींत तर दहा वर्षं आधी. वाचायला भारी वाटतं. पण उरलेल्या निम्म्यांत तो सापडला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे.

लॅबला फोन कराल तेव्हा 'डीएनए टेस्ट आहे का' एवढंच विचारू नका, नेमकं काय शोधता ते विचारा. फिश नावाची तपासणी पेशींतली ३, ७ आणि १७ ही गुणसूत्रं जादा झालीत का आणि ९व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालाय का, ते रंगीत ठिपक्यांनी दाखवते. दुसऱ्या प्रकारात टर्ट, एफजीएफआर३ अशा जनुकांतले बदल शोधतात. तिसऱ्यात डीएनएवर बसलेल्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा बघतात. काही नावाजलेली किटं आरएनए मोजतात आणि एनएमपी२२ हे तर प्रथिन आहे, पण काउंटरवर सगळ्यांनाच सरसकट 'डीएनए' म्हणतात.

आता सॅम्पल. सगळी मेख इथेच आहे. लघवीत पडलेल्या पेशी जिवंत सामान आहे, बाटलीत तासन्‌तास राहिल्या की सडतात. मामांची बाटली तीन तास एसटी स्टँड आणि बस फिरून आली होती, शिवाय आतून धुतलेली, म्हणजे पाणी आणि साबण आलाच. किट आधी लॅबमधून न्या. त्यात डीएनए टिकवणारं द्रव असतं, ते सांडू नका आणि सॅम्पल खुणेपर्यंतच भरा. पेशी बघायच्या असतील तर झोपेतून उठल्यावरची पहिली लघवी आम्ही घेत नाही, रात्रभर साठून पेशी खराब झालेल्या असतात. दुसऱ्या वेळची चालते. काही डीएनए किटं मात्र पहिलीच मागतात, तेव्हा किटवरचा कागद वाचा. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायला, मधली धार घ्यायची हे सगळ्यांना पाठ असतं, इथे ते लागू असेलच असं नाही, तेही विचारा. आणि येताना लिटरभर पाणी पिऊन येऊ नका, लघवी पातळ झाली तर पेशी पुरत नाहीत. बाटलीवर नाव, तारीख आणि लघवी केल्याची वेळ. वेळ कुणीच लिहीत नाही.

काही दिवस सॅम्पल द्यायचंच नाही. नुकतीच दुर्बीण किंवा कॅथेटर घातला असेल, लघवीला जंतुसंसर्ग असेल, बायकांची पाळी चालू असेल, गाठ परत येऊ नये म्हणून मूत्राशयात सोडतात ते बीसीजी औषधाचे डोस चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. मुतखडा असेल तर तेही फॉर्मवर लिहा. खड्याने खरवडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली आम्हालाही चकवतात.

मामांची दुर्बीण शेवटी झाली. मी रजा घेऊन बरोबर गेले. लहानशी, कमी श्रेणीची, म्हणजे कमी आक्रमक गाठ निघाली, तिथल्या तिथे खरवडली. हे मुद्दाम सांगते, कारण कमी श्रेणीच्या गाठीच लघवीच्या तपासणीतून जास्त निसटतात. मामांचं ते सॅम्पल चांगलं असतं तरी निगेटिव्ह आलं असतं, अशी शक्यता होतीच.

पुढच्या वर्षी उलटं झालं. दुर्बिणीत काही नाही, लघवीच्या डीएनएचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. मामी रडायलाच लागल्या. असं झालं तर घाबरायचं नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. गाठ दिसण्याआधी पेशी पडायला लागू शकतात, किंवा उगम वर, मूत्रवाहिनीत किंवा किडनीत असू शकतो. डॉक्टरांनी सीटी युरोग्राफी करून वरचा भाग बघितला, तो स्वच्छ होता, आणि पुढची दुर्बीण अलीकडे आणली.

सगळे रिपोर्ट एकाच फायलीत ठेवा, आणि दर वेळी शक्यतो तीच तपासणी, त्याच लॅबमध्ये करा. एका किटचा आकडा दुसऱ्या किटच्या आकड्याशी जुळवता येत नाही. मामांची फाईल लाल रेक्झिनची आहे, मागच्या कप्प्यात विडीचं रिकामं पाकीट सापडलं म्हणून मी परवाच भांडले.