हूल खांद्याने द्यायची, पकने नंतर

कॅनडात ब्रॅम्प्टनला आमच्या आइस हॉकीच्या रिंकवर नवी पोरं आली की आधी पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, डावीउजवीकडे टकटक हलवून दाखवतात. दिसतं छान, पण डिफेन्समन, म्हणजे बचाव करणारा, त्याने हलत नाही. त्याला लहानपणापासून बजावलेलं असतं, पककडे नको, समोरच्याच्या छातीकडे बघ. म्हणून मी पहिल्या दिवशी पक काढूनच घेते.

समज, डिफेन्समन तुझ्यासमोर उलटा सरकतोय. तू थोडा बोर्डच्या, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीच्या, बाजूला झुक. बाहेरचा खांदा खाली, गुडघा वाकलेला, वजन बाहेरच्या पायावर, नजरसुद्धा तिकडेच. एवढं जमलं की मग पक घे आणि तोही खरोखर तिकडे ने. पक मधेच राहिला तर मुरलेला गडी जागचा हलत नाही. त्याची कंबर वळली किंवा पावलं एकमेकांवरून गेली, की त्याच बाहेरच्या पायाने जोर लावून आत शिर. हे त्याच्या स्टिकच्या टप्प्यात पोचण्याआधी व्हायला हवं. फार लवकर केलंस तर तो सावरतो, उशीर केलास तर पक त्याचा.

स्टिक धरलेला वरचा हात पोटाला चिकटवू नकोस, कोपर बरगडीत अडकतं. खालचा सैल ठेव.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते: आमिष. पक मुद्दाम पुढे धर, त्याला स्टिक मारू दे. त्याचा हात लांबला की स्टिक आणि स्केट यांच्यामध्ये जागा उघडते. स्टिकच्या पात्याच्या टोकाने पक स्वतःकडे ओढ आणि त्या फटीतून सरकव.

डेट्रॉइटकडून खेळलेल्या पावेल दात्स्युकचे व्हिडिओ हळू करून बघ. 2008 ते 2010 सलग तीनदा त्याला सेल्की ट्रॉफी मिळाली. एनएचएल या लीगमधली ही ट्रॉफी बचावातही तरबेज असलेल्या फॉरवर्डची, म्हणजे आक्रमण करणाऱ्या खेळाडूची. दुसऱ्याकडून पक काढून घेण्यात तो पटाईत, त्यामुळे बचाव करणारा काय बघतो हे त्याला पक्कं ठाऊक.

आणि हूल लागली की थांबून कौतुक बघत बसायचं नाही! हूल देताना जरा मंद, नंतर दोन-तीन जोरदार क्रॉसओव्हर, म्हणजे एका पायावरून दुसरा टाकत वेग घ्यायचा. बहुतेकांचं इथेच चुकतं, मागे पडलेला गडी पुन्हा गाठतो.

घरी बेसमेंटमध्ये गोल्फचा चेंडू घेऊन सराव कर, डोळे टीव्हीवर ठेवून. मॅचमध्ये मात्र आपल्या ब्लू लाइनवर, म्हणजे आपल्या बचावाच्या भागाच्या निळ्या रेषेवर, मागे कोणी नसताना, यातलं काही करायचं नाही. तिथे पक सरळ बोर्डवरच्या काचेवर मारून त्या भागाबाहेर काढ.