वजन उतरलं, आता लोंबणाऱ्या कातडीचं ऑपरेशन करायचंय? आधी हे वाचा

"थोडं थांब, कातडी आपोआप बसते" असं सांगणारे घरोघरी भेटतात. विशी-बाविशीतल्या पोराने १० किलो उतरवले तर बसतेही बऱ्यापैकी. पण चाळिशीच्या आसपास ३०-४० किलो कमी केले असतील, मग ते बॅरिएट्रिक (वजन उतरवायचं जठराचं ऑपरेशन) करून असो, इंजेक्शनं घेऊन असो की ठाण्यात उपवन तलावाला रोज पहाटे चालून असो, तर पोटाची झालर, दंडाखाली हलणारं मांस, मांड्यांच्या आतली सैल कातडी हे सगळं तसंच राहतं. कातडीतले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू वर्षानुवर्षं ताणून तुटलेले असतात, ते क्रीमने सांधत नाहीत आणि जिमनेही नाही. जिमने खालचा स्नायू भरतो, वरची कातडी तेवढीच राहते. मशीनने टाइट करून देतो म्हणणारे क्लिनिक ठाण्यात काय आणि वाशीत काय, गल्लोगल्ली आहेत, पण ती मशीनं थोड्याफार सैलपणासाठी ठीक, हाताच्या मुठीत येईल एवढी कातडी लोंबत असेल तर पैसे वाया. आणि नुसतं लायपोसक्शन केलं तर आतली चरबी जाते आणि कातडी आणखीनच रिकाम्या पिशवीसारखी होते.

माझ्या वहिनीचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात आणि नंतर घरी मीच सोबत होते, आणि तेव्हापासून ओळखीतल्या बायका हेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाचं नीट लिहून टाकते. औषध-गोळी काय घ्यायची हे तुमचा डॉक्टरच सांगणार, मी तयारीचं सांगतेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही. कातडी जाते आणि त्याबदल्यात व्रण येतो, लांबलचक आणि कायमचा, आणि तो सौदा तुम्हाला मंजूर आहे का एवढाच खरा प्रश्न आहे. पोटाचा व्रण एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जातो, साडी नेसली की दिसत नाही. दंडाचा मात्र काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने जातो, म्हणजे ज्या हौसेने स्लीव्हलेस घालायचं म्हणून ऑपरेशन करायचं त्याच स्लीव्हलेसमध्ये हात वर केला की व्रण दिसणार. आरशासमोर उभं राहून पेनाने रेघ ओढून बघा, खरंच सांगते.

पोटाच्या बाबतीत दोन वेगळी ऑपरेशनं आहेत आणि लोक दोन्हीला टमी टकच म्हणतात. पॅनिक्युलेक्टोमीत फक्त खालची लोंबणारी झालर कापतात. अ‍ॅब्डोमिनोप्लास्टीत कातडी तर काढतातच, शिवाय बाळंतपणात किंवा लठ्ठपणात मधून फाकलेले पोटाचे स्नायू आतून टाके घालून जवळ आणतात आणि बेंबीसाठी वरच्या कातडीत नवीन भोक करतात, बेंबी स्वतः जागची हलत नाही. खूपच वजन उतरलं असेल तर आडव्याबरोबर उभाही व्रण येतो, कारण कातडी दोन्ही दिशांनी जास्त असते. पाठ-नितंब-पोट असं गोल कमरेभोवती करायचं असेल तर त्याला लोअर बॉडी लिफ्ट म्हणतात, ते मोठं काम आहे. मांड्यांची जागा सगळ्यात त्रासदायक, जांघेत घाम, चालताना घासणं, त्यामुळे तिथली जखम उसवायची किंवा चिघळायची शक्यता जास्त. सगळं एका बैठकीत उरकून टाकू म्हणणाऱ्याला जरा जपूनच. जितके जास्त तास भूल तितका रक्ताची गाठ होण्याचा आणि इन्फेक्शनचा धोका जास्त, म्हणून बहुतेक चांगले सर्जन टप्प्याटप्प्याने, मध्ये काही महिने सोडून करतात.

आता कधी करायचं. वजन निदान ६ महिने एका जागी थांबलेलं पाहिजे. बॅरिएट्रिक झालं असेल तर त्यानंतर साधारण १२ ते १८ महिने जाऊ द्या. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या खाली असेल तर उत्तम, त्याच्या वर जितका जास्त तितकी गुंतागुंत वाढते. अजून मूल हवं असेल तर पोटाचं ऑपरेशन नंतरच, नाहीतर शिवलेलं परत ताणणार. सिगारेट, तंबाखू, मिश्री काहीही असो, किमान ४ ते ६ आठवडे आधी पूर्ण बंद आणि नंतरही तेवढीच बंद, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणून शिवलेल्या कातडीची कड काळी पडून सडते. डॉक्टरसमोर लाजून खोटं बोलू नका, भोगायचं आपल्यालाच आहे.

वजन कमी करायची इंजेक्शनं घेत असाल तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेगळं सांगा. मौंजारो २०२५ च्या मार्चमध्ये आणि वेगोवी जूनमध्ये आपल्याकडे आलं, तेव्हापासून घेणारे वाढलेत, पण ही औषधं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, म्हणजे रात्रीपासून उपाशी असलात तरी पोटात अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील. गर्भनिरोधक गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, फिश ऑइल, काढे, मैत्रिणीने दिलेलं कुठलंही चूर्ण, सगळ्याची यादी कागदावर लिहून न्या.

रक्ताच्या तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन, लोह, व्हिटॅमिन बी१२ आणि डी, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) आणि डायबेटिस असेल तर तीन महिन्यांची शुगर हे बघतात. बॅरिएट्रिकवाल्यांचं यातलं लोह, व्हिटॅमिन, प्रोटीन बऱ्याचदा कमी निघतं आणि जखम भरायला हेच लागतं. ऑपरेशनच्या दोन महिने आधीपासून अंडी, पनीर, मासे, मटकी, डाळी यांच्यावर जोर द्या. श्रावण किंवा नवरात्राचे उपास मध्ये येत असतील तर तेवढं वर्ष देवाला सांगून सोडा, साबुदाण्यात प्रोटीन नावालाही नसतं.

सीझनचंही बघा. ऑपरेशननंतर साधारण ६ आठवडे घट्ट पट्टा, म्हणजे कॉम्प्रेशन गारमेंट, घालून बसायचं असतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये तो घालणं म्हणजे शिक्षा. पावसाळ्यात धुतलेला पट्टा वाळत नाही, आत घामोळं उठतं. जमत असेल तर दिवाळी झाली की तारीख घ्या, आणि पट्टे दोन घ्या, एक अंगावर एक दोरीवर.

डॉक्टर कसा निवडायचा? पाटीवर "कॉस्मेटिक सर्जन" लिहिलंय यावर जाऊ नका, डिग्री बघा. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी पाहिजे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि कौन्सिलच्या साइटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मग विचारा की वजन उतरलेल्या पेशंटची अशी किती केली, त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवा, आणि त्यात वर्षभरानंतरचा फोटो आहे का ते बघा, महिन्याभरातला फोटो कुणाचाही छान येतो. ऑपरेशन कुठे होणार, तिथे आयसीयू आहे का, रात्री काही झालं तर कोण येणार, हे पण. एका स्लिमिंगवाल्या ठिकाणी वहिनीला पंधरा मिनिटांत ईएमआयचं पॅकेज आणि "आज बुक केलं तर" वाला डिस्काउंट मिळाला, डॉक्टर मात्र भेटलाच नाही, तिथून सरळ उठून आलो.

अंतर हा मुद्दा लोक विसरतात. पहिल्या महिन्यात ड्रेसिंग, ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी), टाके यासाठी चार-पाच वेळा तरी जावं लागतं. खारघरला राहता आणि सर्जन दक्षिण मुंबईत, तर पोट धरून खड्ड्यांतून तेवढ्या फेऱ्या मोजा. घोडबंदर रोडचं तर बोलायलाच नको. ट्रान्स हार्बरची लोकल निदान महिनाभर विसरा, एक कोपर बसला तरी डोळ्यासमोर तारे चमकतील. गाडीत पोटावर छोटी उशी दाबून धरा, स्पीडब्रेकरला तीच कामाला येते. पैशाची अडचण असेल तर सायन, केईएम, नायर या पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांमध्ये प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे, तिथे ओपीडीत दाखवून बघा. गर्दी असते, थांबावं लागतं, पण सर्जन तिथेही तितकेच शिकलेले आहेत.

मेडिक्लेमचं सरळ सांगते. पॉलिसीच्या कागदात एक्सक्लुजन कोड ०८ शोधा. दिसणं बदलण्यासाठीची सर्जरी त्यात बाहेर ठेवलेली असते, अपवाद म्हणजे अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती, किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका आहे असं डॉक्टरने लिहून दिलं तर. म्हणजे झालरीखाली वारंवार फंगल होतंय, कातडी फाटून पाणी येतंय, औषधांनी थांबत नाहीये, तर स्किनवाल्या डॉक्टरची प्रत्येक चिठ्ठी, औषधाचं बिल आणि तारखेसकट फोटो जपून ठेवा आणि आधी प्री-ऑथ, म्हणजे ऑपरेशनआधीच कंपनीकडे मंजुरीचा अर्ज, टाका. मिळेलच असं नाही, पण फाइल नसेल तर प्रश्नच मिटला. हर्निया असेल तर त्याचा भाग क्लेममध्ये बसू शकतो, त्याचं बिल वेगळं करून मागा. "सगळंच हर्निया दाखवू" असं कुणी सुचवलं तर नको म्हणा, पकडलं गेलं तर हर्नियाचेही पैसे जातात आणि पॉलिसीही. कोटेशन लेखी घ्या आणि त्यात सर्जन, भूल, ओटी, रूम, पट्टा, औषधं आणि पुढे काही दुरुस्ती लागली तर तिचा खर्च कोणाकडे हे विचारा. साध्या उपचारांना जीएसटी नसतो, पण कॉस्मेटिक सर्जरीला ती सूट नाही, तेव्हा आकडा टॅक्स धरून आहे का तेही विचारा, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर घाम फुटतो.

घराची तयारी आधीच्या रविवारी उरका. कमोड पाहिजे, भारतीय बैठकीवर बसता येणार नाही. पाठ उंच आणि गुडघ्याखाली उशा असं अर्धवट बसूनच झोपायचं असतं, आणि पहिला आठवडा-दोन आठवडे कमरेत वाकूनच चालायचं, ताठ उभं राहिलं तर टाक्यांवर ताण येतो. रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. ६ आठवडे पाण्याची बादली, सिलिंडर, लहान मूल, गव्हाचा डबा यातलं काही उचलायचं नाही, आणि हे सासूबाईंना डॉक्टरच्या तोंडून ऐकवा, आपण सांगून उपयोग नसतो. पहिला आठवडा घरात मोठं माणूस लागतंच, नसेल तर ब्युरोतून बाई ठेवा. पेनकिलरने बद्धकोष्ठ होतं आणि कुंथणं परवडत नाही, म्हणून इसबगोल चालेल का ते डिस्चार्जच्या आधीच विचारून ठेवा.

ड्रेनची लोकांना फार भीती वाटते. पोटाच्या खालून एक किंवा दोन बारीक नळ्या येतात आणि टोकाला दाबून बसवलेला प्लास्टिकचा डबा असतो, तो आतलं पाणी ओढून घेतो. आम्ही तो गाऊनला सेफ्टी पिनने अडकवायचो, नाहीतर उठताना नळी खेचली जाते. रोज सकाळी ठरलेल्या वेळी हात धुऊन, मापाच्या कपात ओतून, किती एमएल आणि रंग कसा हे वहीत लिहायचं, मग डबा परत दाबून हवा काढून झाकण लावायचं. पहिले दिवस लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळं. चोवीस तासांत साधारण ३० एमएलच्या खाली आलं की बहुतेक सर्जन नळी काढतात. घाई करू नका, लवकर काढली तर आत पाणी साठतं, त्याला सेरोमा म्हणतात, मग सुईने काढत बसावं लागतं.

चालणं मात्र त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू करायचं, दुखलं तरी. रूमपासून दारापर्यंत, मग पॅसेजपर्यंत. पडून राहिलं की पायात रक्ताची गाठ होते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एका पायाची पोटरी सुजली आणि दुखतेय, अचानक दम लागतोय, छातीत दुखतंय, असं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सी. पोटाची एकच बाजू झपाट्याने फुगून कडक झाली, ताप १०१ च्या वर गेला, जखमेतून घाण वास आला, कड काळी पडली, तर त्याच क्षणी सर्जनला फोन. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून निळ्या टिकची वाट बघत बसू नका.

बसून करायची नोकरी असेल तर २-३ आठवड्यांत परत कामावर जाणं जमतं, बॉडी लिफ्टला जास्त. बेंबीच्या खालची कातडी बरेच महिने बधिर राहते, तिथे गरम पाण्याची पिशवी चुकूनही नको, भाजलेलं कळतच नाही.

व्रणाचं काम जखम पूर्ण बंद झाल्यावर सुरू होतं. सिलिकॉन जेल किंवा पट्टी काही महिने रोज लावायची. आपल्या रंगाच्या कातडीत व्रण फुगायची प्रवृत्ती जास्त असते, म्हणून दंडावरची बीसीजीची खूण किंवा कान टोचलेली जागा फुगलेली असेल तर ती पहिल्याच भेटीत दाखवा, केलॉइडचा, म्हणजे व्रण जखमेबाहेर वाढत जाण्याचा, अंदाज त्यावरून येतो. पहिले ३-४ महिने व्रण लाल आणि जाड होतो, बघून रडू येतं, पण फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतंच. सूजही संध्याकाळी वाढते सकाळी उतरते असं कित्येक महिने चालतं, त्यामुळे लग्नसराई तोंडावर असली तरी ब्लाउजचं माप सहा महिन्यांच्या आत देऊ नका, आणि दिलंच तर टेलरला आत दोन इंच कापड ठेवायला सांगा.