गावाच्या आठवणी गोळा करायच्यात? मग "इतिहास सांगा" असं म्हणू नका

माझा मावसभाऊ नोकरीमुळे इंग्लंडला लेस्टरमध्ये राहतो. भाड्याचं घर, लाल विटांचं, एका ओळीत सारखीच घरं असतात ना तसलं. एका शनिवारी तो तिथल्या लायब्ररीत गेला आणि त्याच घरात १९११ साली कोण राहत होतं, त्यांची वयं काय, कामं काय, पोरं किती, हे सगळं त्याला कागदावर बघायला मिळालं. तिकडे १९११ च्या जनगणनेचे फॉर्म घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेले आहेत आणि ते अजून जपून ठेवलेत. १९२१ चे फॉर्म शंभर वर्षं झाल्यावर २०२२ च्या जानेवारीत लोकांना खुले झाले. त्याच्याही मागे जायचं तर चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता. म्हणून तिकडची साधी माणसंसुद्धा आपल्या गल्लीचा इतिहास लिहून काढतात. त्याचा लगेच मला फोन, आपल्या घराचं असं काही मिळेल का रे?

असं नाही मिळत. आपल्याकडे १८७२ पासून जनगणना आहे पण पुढे उरतात ते आकडे, घरोघरचे जुने फॉर्म आपल्याला बघायला मिळत नाहीत. आपलं दप्तर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहे आणि ती माणसं दर हिवाळ्यात कमी होतात. मी गेली काही वर्षं खानदेशात, जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा-अमळनेरकडच्या गावांमध्ये फिरून हे काम करतोय, त्यात जे समजलं ते इथे लिहितोय, कोणाला आपल्या गावासाठी करायचं असेल तर उपयोग होईल.

सगळ्यात आधी, कोणाच्याही समोर बसून "गावाचा इतिहास सांगा" म्हणू नका. माझी चुलत आजी, आम्ही तिला मोठी माय म्हणतो, तिला मी हेच विचारलं तर म्हणाली, "माले काय माहीत भाऊ, तात्याले इचार." तात्या म्हणजे रिटायर गुरुजी. गुरुजींनी मला शिवाजी महाराज, पेशवे, १८१८ ला खानदेश इंग्रजांकडे गेला हे सगळं सांगितलं, बरोबरच सांगितलं, पण ते पुस्तकातलं होतं, आमच्या गावाचं त्यात काहीच नव्हतं. मग आठ दिवसांनी मी मोठी मायला हात धरून जुन्या विहिरीवर घेऊन गेलो. आता तिथून कोणी पाणी भरत नाही, आत कचरा पडलाय, पण काठाचे दगड तसेच आहेत आणि दोर घासून घासून त्यांना खाचा पडल्यात, बोट आत जाईल एवढ्या खोल. तिने वाकून एका खाचेत अंगठा घातला आणि म्हणाली, "हाई आमनी." आमच्या गल्लीच्या बाया त्याच दगडावरून पाणी ओढायच्या. आणि मग ती जी बोलायला लागली ती तास दीड तास थांबलीच नाही. ७२ च्या दुष्काळात रात्री दोन वाजता नंबर लावायला यायचे, विहिरीत उतरून वाटीने पाणी खरडायचे, दिवसा पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, तिथे मिळालेली सुकडी (दुष्काळी कामावर वाटायचे ते कोरडं खाणं) स्वतः न खाता पोरांसाठी पदराला बांधून आणायची, आणि मिलोची (तेव्हा बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकर, ती थापताना तुटायची म्हणून सासू ओरडायची, हे सगळं त्या एका खाचेतून निघालं.

विहिरीच्या एका बाजूच्या दगडाला मात्र खाच नव्हती, एकदम सपाट. मी विचारलं की इकडून कोणी भरत नव्हतं का. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली की त्या बाजूची माणसं वर यायची नाहीत, खाली हाळाजवळ (जनावरांना पाणी पाजायच्या कुंडाजवळ) घागरी घेऊन उभी राहायची, वरून कोणी ओतलं तर ओतलं. गावाची ही बाजू कुठल्याच कागदावर नाही, त्या दगडावर आहे. नंतर मी त्या वस्तीत गेलो, तिथल्या एका आबांनी हीच विहीर खालून कशी दिसायची ते सांगितलं, आणि ते ऐकल्यावर मला कळलं की नुसत्या आमच्या गल्लीतल्या चार घरांना विचारून मी गावाच्या आठवणी म्हणून काहीतरी अर्धवटच लिहिणार होतो. त्यामुळे पाटलाच्या वाड्यापासून सुरुवात केली तरी चालेल पण तिथेच थांबू नका, दलित वस्ती, भिलाटी म्हणजे भिल्लांची वस्ती, मोहल्ला, बलुतेदारांची घरं, सालदारांची (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांची) घरं, सगळीकडे गेलंच पाहिजे, आणि तिथे पण ओट्यावर बसून चहा घेऊन निवांत.

म्हणजे वस्तू धरून किंवा जागा धरून विचारायचं. मोट कधी सुटली आणि इंजिन कधी आलं, कापूस कुठल्या जिनात जायचा आणि गाडीला नंबर यायला किती रात्री काढायला लागायच्या, पहिला रेडिओ कोणाकडे, लग्नाचं वऱ्हाड बैलगाडीने गेलं का पीजेने (पाचोरा-जामनेर लाइनवरची छोटी गाडी, तिकडच्या माणसांना पीजे म्हटलं की पुरे). साक्रीकडच्या किंवा पांझरा काठच्या माणसाला फडाबद्दल (नदीवर बंधारा घालून गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची जुनी पद्धत) विचारा, बंधारा, पाट, पाटकरी, जागल्या, आणि पाण्याची पाळी कशी ठरायची, एवढं विचारलं तरी अख्खी दुपार जाते.

शेतांची नावं तर पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो पण माणसं म्हणतात पिंपळवालं, टेकवरलं, खारं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर शिवारात फिरा, गाव नकाशाची झेरॉक्स सोबत ठेवा आणि तो जे नाव घेईल ते तिथल्या तिथे नकाशावर लिहा. आमच्याकडे एका शेताला आमराई म्हणतात आणि तिथे आंब्याचं एकही झाड नाही. नाव राहिलं, झाडं गेली, आणि ती कोणी कधी तोडली हे सांगणारा गावात आता एकच माणूस आहे.

तारखांचं काय करायचं हा प्रश्न येतोच. आधारवर किंवा शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर त्यावर विसंबू नका, आपल्याकडे नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाचा जन्म १ जूनला केलेला आहे. त्यापेक्षा लोकांना माहीत असलेल्या गोष्टीला टांगून विचारा. फैजपूरची काँग्रेस भरली तेव्हा तुमचे वडील केवढे होते? ती डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष होते आणि गांधीजी आले होते, त्यामुळे रावेर-यावलकडे घराघरात त्याची काहीतरी गोष्ट असते. नंदुरबारकडे शिरीषकुमारचं १९४२ (चले जाव चळवळीत गोळीबारात गेलेला शाळकरी पोरगा), आणि सगळ्या खानदेशात ७२ चा दुष्काळ. त्याच्याही मागचं कोणी आजोबांकडून ऐकलेलं सांगत असेल तर छप्पन्न्याचा दुष्काळ निघतो, तो संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. व्यापाऱ्यांच्या जुन्या चोपड्यांत संवतच असतो, त्यातून ५६ वजा करायचे (नोंद दिवाळी ते डिसेंबरमधली असेल तर ५७), आणि शके असेल तर ७८ मिळवायचे. सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया), म्हणून तो "चार सालं राहिलो" म्हणाला की कुठल्या आखाजीपासून ते विचारा.

आता कागद. जुना फेरफार, कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंद, आणि शाळेचं जनरल रजिस्टर, या तीन ठिकाणी सामान्य माणसाचं नाव सापडतं. जुनं पुष्कळसं मोडीत असतं. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग निघतात, गावातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला पाठवा, एक जण शिकला तरी सगळ्या गावाचं काम होतं. कागद मागताना कोणत्या नावाखाली मागायचा हे माहीत पाहिजे नाहीतर "नाही सापडत" ऐकून परत याल. १९०६ पर्यंत सगळा एकच खानदेश जिल्हा, मग पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश, त्यांचे जळगाव आणि धुळे १९६० ला झाले आणि नंदुरबार तर १९९८ ला वेगळा झाला. मुक्ताईनगर जुन्या कागदात एदलाबाद म्हणून बघायचं, धरणगावचं एरंडोल तालुक्यात. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहे, जुने कागद आणि हस्तलिखितं बघायची असतील तर तिथे एकदा जाऊन याच. आणि घराण्याची नावं हवी असतील तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यांची नामावळी, दहावा करायला गेलेल्या आपल्या पणजोबांनी तिथे सही किंवा अंगठा केलेला असू शकतो.

इंग्रजांनी १८८० ला खानदेशचं गॅझेटियर छापलं, ते नेटवर फुकट मिळतं. पिकं, बाजाराचे दिवस, रस्ते, देवळं, किल्ले यासाठी ते फार कामाचं आहे, मी शंभर वेळा उघडलं असेल. पण त्यातली माणसांची वर्णनं उतरवून घेऊ नका. भिल्लांबद्दल त्यात जे लिहिलंय ते सरकारच्या नजरेने लिहिलंय, त्यांना ताब्यात आणायला १८२५ ला धरणगावला आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी केली त्याच सरकारच्या. त्या गोष्टीची दुसरी बाजू भिलाटीतल्या म्हाताऱ्यांकडे आहे, ती ऐकल्याशिवाय तुमच्या वहीत तो परिच्छेद लिहू नका एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. पंखा बंद करा, मोबाइल माणसाच्या जवळ मऊ कपड्यावर ठेवा, आणि सुरू केल्यावर आधी आपण स्वतः बोला, आज तारीख काय, गाव कोणतं, समोर कोण बसलंय. आणि त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा. माझा मोबाइल पडला, रिपेअरिंगला दिला तर न विचारता रिसेट करून दिला आणि अकरा जणांचं बोलणं गेलं. त्यातली दोन माणसं परत बोलायला राहिली नाहीत, एक आप्पा होते ते जात्यावरच्या ओव्या म्हणायचे, त्यांच्या आईच्या, पुरुष माणूस असून. ते मला अजून लागून राहिलंय. फोटोंचं एवढंच की जुना फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नका, खिडकीजवळच्या उजेडात वरून फोटो काढा, व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने.

भावाभावांचा जमिनीचा वाद निघाला की रेकॉर्डिंग बंद करा, समोरचा म्हणाला नाही तरी. आणि लिहून झाल्यावर त्या माणसाला वाचून दाखवा, हे काढ म्हणाले तर काढायचं.

भाषा बदलू नका. "आमना गावमा पानीच नव्हतं" हे त्यांनी जसं म्हटलं तसंच लिहा, खाली पाहिजे तर मराठीत अर्थ द्या. मी सुरुवातीला सगळं शुद्ध करून लिहिलं होतं, परत वाचलं तर ती माणसंच त्यात दिसेनात. लेवा बोलीतलं लेवा बोलीत, अहिराणीतलं अहिराणीत.

आणि बायांना विचारायला विसरू नका, त्यातही गावातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकींना. गावात राहिलेल्या माणसाला बदल दिसत नाही, त्याच्या डोळ्यासमोर जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरावर स्लॅब पडतो आणि तो धाबं विसरतो, पण १९६५ ला सासरी गेलेल्या आत्याच्या डोक्यात गाव १९६५ चंच आहे, कोणत्या घराला कोणत्या रंगाचा दरवाजा होता इथपर्यंत. तशीच लग्न होऊन आलेली सून, तिला पहिल्या दिवशीचं गाव लख्ख आठवतं कारण सगळंच तिला परकं होतं. आमच्याकडे अशा सगळ्या जणी आखाजीला एकत्र सापडतात. सत्तरीच्या आत्या माहेरी आलेल्या असतात, लिंबाला झोका बांधलेला असतो, पोरी गौराईची गाणी म्हणत असतात आणि त्या बाजूला बसून गाणं चुकलं की दुरुस्त करतात. मी गेल्या आखाजीला त्यांच्याजवळ मोबाइल ठेवला आणि एकच विचारलं, तुमच्या वेळी झोका कोणत्या झाडाला होता. चौघींनी चार झाडं सांगितली, त्यातलं आज एकच उभं आहे, मग चौघी जणी उठल्या आणि उरलेल्या तीन झाडांच्या जागा दाखवायला मला घेऊन निघाल्या.