स्टेजवरचा धूर ऐनवेळी का फसतो? स्मोक मशीनच्या या चुका टाळा

पावसाळा आला की पुण्यात कॉलेजांच्या एकांकिकांच्या तालमींना जोर येतो आणि जवळपास प्रत्येक संहितेच्या मार्जिनमध्ये कुठेतरी पेन्सिलीने लिहिलेलं असतं : ‘ब्लॅकआउट. संगीत. धूर.’ पहिल्या दोन गोष्टींची तालीम महिनाभर होते. धुराची मात्र होत नाही, कारण मशीन प्रयोगाच्या दिवशी भाड्याने येतं. बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

आधी हे समजून घ्या, की हे यंत्र काहीही जाळत नाही. टाकीत पाणी आणि ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांचं मिश्रण असतं. पंप ते तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातल्या बारीक नळीत ढकलतो. तिथे त्याची वाफ होते, ती फुगते, नोझलमधून जोरात बाहेर पडते आणि गार हवा लागताच तिचे अतिसूक्ष्म थेंब होतात. म्हणजे जात सिंहगडावरच्या पहाटेच्या धुक्याची, चुलीच्या धुराची नव्हे. उष्णता, द्रव आणि हवा या तिघांपैकी एकाचं जरी बिनसलं, तरी परिणाम बिघडतो.

उष्णता : सगळ्यात जास्त चुका इथेच

एका स्पर्धेत मी विंगेत उभा होतो. नट म्हणाला, “हे धुकं कुठून आलं?” आणि रंगमंचावर धुक्याचा मागमूस नव्हता. दोन प्रवेशांनंतर, आई गेल्याची बातमी येते त्या क्षणी, मशीन भसाभस सुटलं. मुलांचे चेहरे मला आजही आठवतात. मशीन वेळेत लावलेलं होतं, पण डिमरच्या (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) चॅनेलवर, एका दिव्याच्या जोडीला. आधीचा प्रवेश मंद प्रकाशातला होता, त्यामुळे हीटरलाही तेवढीच अपुरी वीज मिळत राहिली. दिवे वाढले तेव्हा कुठे ठोकळा तापला, आणि कोणीतरी दाबून ठेवलेल्या रिमोटने आपलं काम केलं.

म्हणून स्मोक मशीन कधीच डिमरवर लावू नका. थेट भिंतीतल्या प्लगवर लावा. डिमरवर पंप आणि आतलं सर्किटही खराब होऊ शकतं. 1500 वॉटचं मशीन 230 व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर ओढतं. त्याला मोठा, 15 अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायर लागते. घरून आणलेला मोबाइल चार्जिंगचा एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही.

तापायला मशीनच्या आकाराप्रमाणे साधारण पाच ते दहा मिनिटं धरा. एक लांब फवारा मारला की ठोकळा गार होतो, थर्मोस्टॅट पंप अडवतो आणि मशीन पुन्हा तापेपर्यंत गप्प बसतं. लागोपाठ दोन क्यू (धूर सोडायच्या वेळा) असतील तर पहिल्याला छोटा फवारा द्या. नोझलमधून गरम थेंब उडतात, तेव्हा तोंडापाशी कोणाला उभं करू नका.

द्रव

कंपनीने सांगितलेलंच द्रव वापरा. ‘पुरवून वापरू’ म्हणून त्यात बोअरचं पाणी घातलं, तर त्यातले क्षार गीझरच्या कॉइलवर बसतात तसे बारीक नळीत बसतात आणि नळी चोंदते. अत्तर घालू नका. हेझर, म्हणजे पातळ धुरकटपणा देणारं वेगळं यंत्र, त्याचं द्रव स्मोक मशीनमध्ये ओतू नका. आणि महापालिकेची डासांची धूरफवारणी बघून कोणाला डिझेल-रॉकेल सुचलं, तर त्याला तिथेच थांबवा. तापलेल्या ठोकळ्यावर ते पेट घेऊ शकतं.

मशीन घुरघुरतंय पण धूर येत नाही? आधी टाकी बघा. कोरडा पंप फार वेळ चालवला तर जळतो. टाकी भरलेली असेल, तर नळीचं टोक द्रवात बुडलंय का ते बघा. तरीही नुसती पिचकारीच उडत असेल, तर मशीन तापलेलं नाही किंवा नळी चोंदलीय.

हवा आणि प्रकाश

कॉलेजच्या हॉलमध्ये पंख्याखाली जमलेलं धुकं बालगंधर्वला किंवा भरत नाट्य मंदिरात तसंच वागेल, असं समजू नका. एसीचा झोत, पडदा उघडताना येणारी हवा, यावर सगळं ठरतं. तांत्रिक तालमीला एसी चालू करायला सांगा आणि काठीला टिश्यू पेपरची पट्टी बांधून विंगेत धरा. हवा कुठे ओढतेय ते लगेच दिसतं. प्रकाश मागून किंवा बाजूने द्या. समोरून दिलात तर पांढरी भिंत उभी राहते आणि नटाचा चेहरा हरवतो. फक्त प्रकाशाचे झोत दिसायला हवे असतील, तर स्मोक मशीन नको, हेझर घ्या.

ड्राय आइसची गोष्ट वेगळी

जमिनीलगत सरपटणारं धुकं हवं म्हणून मुलं ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) गरम पाण्यात टाकतात. तो उणे 78.5 अंश सेल्सिअसला असतो. उघड्या हाताने धरला तर कातडी भाजते. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. रंगमंचावर प्रेत होऊन पडलेल्या मुलाच्या नाकाशी नेमका तोच वायू असतो. हे मी प्रत्येक गटाला सांगतो : झोपलेलं पात्र असेल तर ड्राय आइस नाही. बंद गाडीत तो आणायचा नाही आणि झाकणबंद डब्यात ठेवायचा नाही, डबा फुटतो.

आणखी दोन गोष्टी. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना आधी सांगा, कारण धूरसूचक यंत्र धुकं आणि आग यांत फरक करत नाही. परस्पर त्यावर चिकटपट्टी मात्र लावू नका. नोझलसमोरची फरशी प्रत्येक प्रयोगानंतर पुसा, कारण तिथे चिकट, निसरडा थर बसतो आणि घुंगरू बांधलेली मुलगी अनवाणी नाचणार असते. गटात कोणाला दमा आहे का, तेही तालमीतच विचारा.

प्रयोग संपल्यावर मशीन गार होऊ द्या, टाकी रिकामी करा आणि मगच टेम्पोत चढवा. भरलेली टाकी रस्त्यात हिंदकळली की द्रव सर्किटवर सांडतं, आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होत नाही.