जुनी एसयूव्ही बघायला जाताय? आधी बॉनेटला हात लावा

तापलेलं इंजिन आपल्या खोडी लपवतं. म्हणून मालकाला आदल्या दिवशीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका."

१. पोचल्यावर बॉनेट चाचपा. कोमट लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी या.

२. स्टार्टर मारताना एकाने सायलेन्सरमागे उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत थोडी पांढरी वाफ चालते. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) जळतंय, तिथूनच परत फिरा.

३. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली तर गाडी पुरात बसली असणार. सीट कव्हर बदलतात, पट्टा सहसा कुणी बदलत नाही!

४. टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलाय. स्टेपनीही बघा.

ट्रायलला घरचे सगळे सोबत घ्या. पाच-सात माणसं बसली की सस्पेन्शनची कुरकुर आणि मागच्या एसीचा जोर दोन्ही कळतात. मागच्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे छातीला लागतात का, हेही तेव्हाच बघून घ्या.

फक्त गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.